समुपदेशकाचे पद नसलेल्या शाळेत चिंताग्रस्त मुलांसाठी नेमके काय करता येईल?

प्रश्न – मुख्याध्यापिका, माण तालुका (सातारा)

नमस्कार. आमची पाचवी ते दहावीपर्यंतची अनुदानित मराठी माध्यमाची शाळा असून पटसंख्या साडेचारशेच्या आसपास आहे. आमच्या संचमान्यतेत (शासनाने मंजूर केलेल्या पदांत) समुपदेशकाचे पद नाही आणि जिल्हा रुग्णालय साताऱ्याला, म्हणजे एसटीने जवळजवळ दोन तासांवर आहे. या भागातील बरीच कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायानिमित्त परराज्यांत असतात, काही मुलांचे वडील मुंबईत माथाडी कामगार आहेत; त्यामुळे प्रत्येक वर्गातील अनेक मुले आजी-आजोबांजवळ राहून शिकतात. ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी सांगितली की शहरातील शाळांना दिला जाणारा सल्ला आम्हाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

अलीकडे आठवी-नववीत एक गोष्ट वारंवार दिसू लागली आहे. घटक चाचणीच्या सकाळी ठराविक मुलांच्या पोटात दुखते, उलटी होते, हात थंड पडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तपासून काही आढळले नाही असे सांगितले की घरचे लोक आणि आमच्यातील काही शिक्षकही हे सोंग आहे असे ठरवून मोकळे होतात. नववीतील एक मुलगी लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवते. परंतु भाषेच्या तासाला उभे राहून उतारा वाचायचा असेल त्या दिवशी ती शाळेत येत नाही. आधी हे महिन्यातून एखादे वेळी व्हायचे, आता जवळजवळ दर आठवड्याला होते. आठवीतला एक मुलगा सायकलवरून फाटकापर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो.

शिक्षकांमध्ये दोन मते आहेत. अशा मुलांना प्रकट वाचनातून आणि तोंडी परीक्षेतून पूर्ण सूट द्यावी, असे काहींना मनापासून वाटते. इतरांचे म्हणणे असे की एकदा सूट दिली की मूल कायमचे मागे राहील आणि उद्या सगळा वर्ग तीच मागणी करील. दोन्ही बाजूंना मुलांविषयी कळकळ आहे, म्हणून निर्णय अधिकच अवघड होतो. गेल्या वर्षी आम्ही ताणतणाव या विषयावर एका तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले होते. मुलांनी ते लक्ष देऊन ऐकले. परंतु ज्यांच्यासाठी ते ठेवले होते, ती मुले दुसऱ्या दिवशी होती तिथेच होती.

मला तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. सूट द्यावी की देऊ नये, आणि द्यायची तर कशी? हे काम एखाद्या शिक्षकाकडे सोपवावे की बाहेरच्या व्यक्तीकडे? आणि परगावी असलेल्या पालकांशी व इथल्या आजी-आजोबांशी या विषयावर बोलावे तरी कसे?

उत्तर १ – शालेय समुपदेशक, पुणे

मॅडम, आपण वर्णन केलेल्या मुलीविषयी आधी लिहितो, कारण तिच्या उदाहरणातून सूट देण्याचा प्रश्न बराचसा सुटेल.

चिंता टिकून राहते ती टाळण्यामुळे. वाचनाच्या दिवशी मुलगी घरी राहिली की तासाभरात तिची छाती धडधडायची थांबते, पोट शांत होते, आणि तिच्या मनात नकळत एक हिशेब पक्का होतो की घरी राहिले म्हणूनच आपण वाचलो. उभे राहून वाचले असते तर काय झाले असते, हे तिला कधीच कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते, आणि महिन्यातून एकदा होणारी गैरहजेरी दर आठवड्याची होते. या कारणाने संपूर्ण सूट देणे मला योग्य वाटत नाही, मग ती कितीही प्रेमाने दिलेली असो. मात्र तिला जबरदस्तीने उभे करून चाळीस मुलांसमोर वाचायला लावणे तितकेच घातक आहे, कारण त्या वेळी आवाज फुटला नाही, कोणी हसले, तर तिच्या मनातील सर्वांत वाईट शंका खरी ठरते. आपल्या शिक्षकांच्या दोन्ही गटांना जे दिसते आहे ते बरोबर आहे, आणि त्यांच्या दोन्ही उपायांमधून मुलीची भीती वाढणारच आहे.

करायचे ते असे की वाचन रद्द न करता त्याचे लहान टप्पे पाडायचे आणि ते तिच्याबरोबर बसून, तिच्या सांगण्यावरून ठरवायचे. कोणता प्रसंग सर्वांत सोपा वाटतो आणि कोणता अशक्य वाटतो, याची उतरंड तिनेच लिहावी. बहुधा ती अशी निघेल: मधल्या सुट्टीत एकट्या बाईंसमोर चार ओळी वाचणे, मग एका मैत्रिणीला सोबत घेऊन वाचणे, मग पाच-सहा मुलींच्या गटात, मग वर्गात, पण जागेवर बसून आणि कोणता परिच्छेद वाचायचा हे आदल्या दिवशी माहीत असताना, आणि शेवटी उभे राहून. प्रत्येक टप्पा एकदा करून पुढे जायचे नसते. भीती थोडी ओसरल्याचे तिला स्वतःला जाणवेपर्यंत तोच टप्पा पुन्हा करायचा असतो. मध्येच ती एखादी पायरी मागे आली तर ते अपयश मानू नये आणि तसे बोलूनही दाखवू नये. सूट द्यायचीच असेल तर ती टप्प्यापुरती द्यावी आणि ती कधी संपणार, हे देतानाच ठरवावे.

इथे एक अट आहे आणि ती मी ठळकपणे सांगू इच्छितो. हे सारे सुरू करण्यापूर्वी भीतीला खरोखरचे कारण नाही ना, हे शोधले पाहिजे. फाटकावरून परत जाणाऱ्या मुलाला वाटेत किंवा वर्गात कोणी त्रास देते का? मुलीला कोणा शिक्षकाच्या किंवा मुलाच्या वागण्याची धास्ती आहे का? तिला अक्षरे वाचताना अडचण येते आणि ती पाठांतराच्या बळावर लेखी गुण मिळवते आहे, असे तर नाही? अध्ययन अक्षमता असलेली हुशार मुले नववीपर्यंत ती लपवत येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कारण खरे असेल तर ते दूर करणे हे शाळेचे काम आहे; धोक्याच्या जागी मुलाला टप्प्याटप्प्याने जायला शिकवणे हा अन्याय ठरेल. शारीरिक तपासणीही एकदा नीट करून घ्यावी. किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, आणि थकवा, धडधड, चक्कर ही लक्षणे त्यातही असतात.

पोटदुखीबद्दल आपल्या शिक्षकांना एवढे नक्की सांगावे की तपासणीत काही आढळले नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. भीतीच्या वेळी शरीर पळण्याच्या तयारीला लागते, पचनाचे काम मंदावते, आतड्यांची हालचाल बदलते, आणि मुलाला प्रत्यक्ष वेदना होतात. ‘दुखते आहे हे मला पटते, थोडा वेळ इथे बस, पाणी पी, आणि मग आपण दोघे मिळून वर्गात जाऊ’ हे वाक्य ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. बसण्यासाठी एक ठरलेली जागा असावी, वेळही ठरलेली असावी, साधारण दहा ते पंधरा मिनिटे, आणि त्यानंतर मूल घरी न जाता वर्गातच परतावे. अशा मुलाला सकाळी घरी पाठवणे ही शाळेकडून होणारी सर्वांत सामान्य चूक आहे, कारण घरी पाठवले की वर सांगितलेला तोच हिशेब पुन्हा पक्का होतो.

सलग काही आठवडे गैरहजर राहिलेल्या मुलाला एकदम पूर्ण दिवस बसवू नये. पहिले काही दिवस परिपाठ झाल्यावर दोन तास, तेही आवडत्या विषयाचे, असे ठरवले तर परतणे सुकर होते. आणि कृपया पहिल्या दिवशी कोणी ‘आलास का रे बाबा शेवटी’ असे वर्गासमोर म्हणणार नाही, याची काळजी घ्यावी.

उत्तर २ – सार्वजनिक आरोग्य अभ्यासक, पणजी

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे हे काम कोणी करावे यावर, आपल्याच देशात चांगले संशोधन झाले आहे आणि ते शाळांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला होता. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले गेले. पहिल्या गटातील शाळांत त्याच कामासाठी नेमलेली, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती होती. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील एका शिक्षकाकडे दिले होते. तिसऱ्या गटात सरकारी किशोरवयीन शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम तेवढा चालू होता. काम साधे होते: मुलांना नाव न लिहिता प्रश्न टाकता येतील अशी पेटी, भित्तिपत्रक, वर्गात चर्चा, मुलांचे गट, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र तिसऱ्या गटापेक्षा वेगळा म्हणावा असा फरक दिसला नाही.

यावरून शिक्षक कमी पडतात असा अर्थ कोणी काढू नये. माझ्या मते अडचण भूमिकेची आहे. ज्या व्यक्तीने सकाळी वही तपासून शेरा मारला, जिच्या हातात अंतर्गत गुण आहेत, जिला शाळाबाह्य कामे, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामेही करायची आहेत, तिच्यापुढे मुलाने दुपारी मन मोकळे करावे ही अपेक्षा दोघांवरही अन्याय करणारी आहे. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, शक्य तितके प्रयत्न करून, न शिकवणारी आणि गुण न देणारी एक व्यक्ती शोधावी. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली गावातील एखादी तरुणी, निवृत्त परिचारिका किंवा प्रगल्भ माजी विद्यार्थिनी आठवड्यातून दोन-तीन ठरलेले दिवस शाळेत बसू शकेल. मानधन संस्थेच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून देता येईल. परंतु मानधनाइतकीच आवश्यक गोष्ट म्हणजे तिच्या पाठीशी एक प्रशिक्षित मानसतज्ज्ञ असणे, जो दर आठवड्याला फोनवर तिची प्रकरणे ऐकेल. अशा देखरेखीशिवाय कोणालाही या खुर्चीवर बसवू नये. ऐकणाऱ्याच्या मनावरही ओझे येते, आणि कोणते मूल आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखायला दुसरे डोळे लागतात.

त्या व्यक्तीने बोलण्यात काय करावे, यालाही एक सोपी पद्धत आहे. ‘संगाथ’नेच दिल्लीतील कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधील सरकारी शाळांत ‘प्राइड’ या प्रकल्पात समस्या सोडवण्याची पायऱ्यांची रीत वापरून पाहिली. मुलाने आपली अडचण नेमकी मांडायची, तिच्यावरचे शक्य ते उपाय सुचतील तसे लिहायचे, त्यातला एक निवडून करून पाहायचा आणि पुढच्या भेटीत काय झाले ते सांगायचे. साधारण तीन आठवड्यांत अर्ध्या तासाच्या चार-पाच भेटी एवढेच त्याचे स्वरूप होते. २५१ मुलांवरील त्या अभ्यासात ज्या अडचणी मुलांनी स्वतः सांगितल्या होत्या त्यांची तीव्रता, नुसत्या पुस्तिका दिलेल्या मुलांच्या तुलनेत, जास्त कमी झाली. मात्र मानसिक त्रासाच्या एकूण लक्षणांत सहा आठवड्यांनी तसा स्पष्ट फरक दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण या रीतीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. ती पहिली पायरी आहे. जे मूल तिने सावरत नाही त्याला मानसतज्ज्ञांकडे न्यावे लागेल, आणि आपल्या वाचनाला घाबरणाऱ्या मुलीसारख्या ठिकाणी वरच्या सरांनी सांगितलेली टप्प्यांची पद्धतच हवी.

त्याच प्रकल्पातून आणखी एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. शाळेत नुसती सोय करून, शिक्षकांना सांगून ठेवल्यावर फार थोडी मुले आली. प्रत्येक वर्गात जाऊन ही व्यक्ती कोण, कुठे बसते, केव्हा भेटते, कशाबद्दल बोलता येते, हे समजावून सांगितल्यावर मुले बऱ्याच मोठ्या संख्येने आणि मुख्यतः स्वतःहून आली. आपल्या व्याख्यानाचा उपयोग का झाला नाही याचे उत्तरही इथेच आहे. व्याख्याते निघून गेल्यावर मुलांनी जायचे कोणाकडे? ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील ११ ते १४ वयाच्या मुलांना वर्गात सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचे) धडे देऊन पाहिले गेले. २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा त्यांचा काही जास्त लाभ आढळला नाही. सगळ्यांना सारखेच थोडे-थोडे शिकवल्याने ज्याला खरी गरज आहे त्याची गरज भागत नाही.

किती मुलांची तयारी ठेवावी, असा प्रश्न आपल्या मनात असेल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. आपल्या आठवी ते दहावीत सव्वादोनशे मुले धरली तर ही संख्या पंधरा-सोळा होते. विकार नसला तरी परीक्षेच्या ताणाने त्रस्त असलेली मुले याहून पुष्कळ अधिक असतील. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले होते. एका व्यक्तीने आठवड्यातून तीन दिवस दिले तर पंधरा-सोळा मुलांना नियमित भेटणे शक्य आहे. काम आवाक्याबाहेरचे नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

उत्तर ३ – एक पालक, कोईमतूर (मूळ गाव आटपाडी तालुका)

मी गलाईच्या व्यवसायात आहे आणि माझी मुलगी गावी माझ्या आईजवळ राहून शिकते. तिला सातवीपासून असाच त्रास होता, म्हणून मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नावर पालकाच्या बाजूने थोडे लिहितो.

शाळेतून फोन आला की आमच्या छातीत धस्स होते, कारण फोन येतो तो तक्रारीचाच. पहिल्या वेळी मला ‘तुमच्या मुलीला मानसिक त्रास आहे, डॉक्टरांना दाखवा’ असे एका दमात सांगण्यात आले. मी हजार किलोमीटरवर दुकानात उभा होतो. मी आईला रागावलो, आईने मुलीला धारेवर धरले आणि पुढच्या अमावास्येला तिला देवऋषाकडे नेले. आईचा त्यात दोष नाही. नातीसाठी जे करता येईल ते ती करत होती. पण मुलगी त्यानंतर कोणाशीच काही बोलेना.

पुढच्या वर्षी नव्या वर्गशिक्षिका आल्या आणि त्यांनी वेगळी रीत धरली. त्या रविवारी संध्याकाळी फोन करत, दुकान बंद असते हे त्यांनी विचारून घेतले होते. पहिल्या दोन फोनमध्ये त्यांनी फक्त मुलगी काय चांगले करते ते सांगितले. मग विचारले की शाळेच्या सकाळी तिचे पोट दुखते तेव्हा घरी काय-काय करता, ती लहानपणी कशाला घाबरायची, झोप कशी आहे. माझी आई शाळेत आली तेव्हा तिला खुर्ची देऊन, चहा देऊन, आधी तिचे सगळे ऐकून घेतले. देवऋषाविषयी त्या एक शब्दही वावगे बोलल्या नाहीत. ‘आजी, तुम्ही तुमचे करा, पण सकाळी तिला घरी ठेवून घेऊ नका, फाटकापर्यंत आणून सोडा, पुढे मी बघते’ एवढेच त्यांनी मागितले, आणि माझ्या आईने ते पाळले. डॉक्टरांचा विषय त्यानंतर बऱ्याच दिवसांनी निघाला आणि तोपर्यंत आम्हालाच तो पटलेला होता.

मॅडम, आजी-आजोबांकडे एकच काम सोपवा आणि ते करता येण्यासारखे असू द्या. आम्हा परगावच्या पालकांना व्हिडिओ कॉलवर बोलवा, परंतु मुलीसमोर बसवून तिच्या अडचणींची चर्चा करू नका.

मुख्याध्यापिका, माण तालुका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कोईमतूरच्या दादांनी लिहिलेले मी उद्याच्या शिक्षक बैठकीत वाचून दाखवणार आहे. माझ्या डोळ्यांसमोर एक निवृत्त परिचारिका ताई आहेत, ज्यांच्यावर गावातील मुलींचा विश्वास आहे; त्यांच्याशी बोलते.

तरीही एक धास्ती उरते. मूल त्या ताईंशी बोलले आणि त्यातून काही गंभीर निघाले, म्हणजे जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार किंवा कोणाकडून झालेला अत्याचार, तर शाळेने काय करायचे? कोणती गोष्ट गुप्त ठेवायची आणि कोणती नाही? शिवाय संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला विचारले आहे की शाळेवर याची काही कायदेशीर जबाबदारी आहे का. त्यांना काय सांगू?

उत्तर ४ – मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम केलेली

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर आपल्या बाजूचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि यासंबंधी कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे त्यात आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदतवाहिनीचे क्रमांक ठळक लावावेत, हेही त्यात आहे. आपली शाळा पहिल्या प्रकारात मोडते. नुसत्या परिचारिका ताईंनी ही अट पूर्ण होत नाही, म्हणून त्यांच्यावर देखरेख करणारा तज्ज्ञ लेखी कराराने जोडून घ्यावा आणि त्याच निकालाचा आधार घेऊन शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पदाची मागणी करणारे पत्र द्यावे. पद लगेच मिळेल असे मी म्हणत नाही, पण मागणी नोंदवलेली असावी.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत मुलाला स्पष्ट सांगावे की, तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, परंतु तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला ते योग्य व्यक्तीला सांगावेच लागेल. आणि सांगण्यापूर्वी मी तुला कळवीन. हे आधी न सांगता नंतर गोष्ट बाहेर गेली तर मुलाचा विश्वास परत मिळत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत शाळेला निवड नाही. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती कळताच पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. घरच्यांशी आधी चर्चा करून मग ठरवू, असा विलंब करू नये. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही अशा वेळी उपयोगी पडते.

आत्महत्येबद्दल विचारायला लोक कचरतात, कारण विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात येईल अशी भीती वाटते. तसे होत नाही. ‘जगू नये असे वाटते का? तसे काही करायचे मनात ठरवले आहे का?’ असे शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. उत्तर होय असेल तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, एकट्याने घरी पाठवू नये, घरातील जबाबदार माणसाला शाळेत बोलावून प्रत्यक्ष त्याच्या हाती सोपवावे, आणि घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवायला सांगावे. शेतकरी कुटुंबांत हा शेवटचा मुद्दा मुळीच विसरू नये. ग्रामीण भागात कीटकनाशक हाताशी असणे हेच अनेक मृत्यूंचे कारण ठरते, आणि तो क्षण टळला तर मूल बहुतेकदा वाचते. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी संपर्क साधावा. ‘टेलीमानस’ ही केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि ती मराठीतही मिळते. त्यावर मुलाबरोबर बसून शाळेतूनच फोन करता येतो. मुलाने प्रयत्न केलेलाच असेल तर पोलिसी कारवाईच्या भीतीने कोणी ते लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ असे मानते की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिला शिक्षा न करता उपचार मिळावेत.

अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारांसाठी पालकांची संमती लागते, आणि आपल्याकडे ते परराज्यात असतात. म्हणून जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच, तातडीच्या प्रसंगी मुलाला रुग्णालयात कोणी न्यावे आणि कोणाशी बोलावे, याचे पालकांच्या सहीचे पत्र घेऊन ठेवावे. ऐन वेळी फोन लागला नाही म्हणून साताऱ्याची फेरी थांबलेली मी पाहिली आहे. दर वेळी साताऱ्याला जाण्याची मात्र गरज नाही. किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिके सरकारी रुग्णालयांत चालतात. आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते कोणत्या दिवशी असते याची चौकशी करावी.

नोंदी ठेवताना मुलाचे नाव आणि तपशील हजेरीपटावर किंवा शिक्षक दालनातील वहीत लिहू नयेत. ताईंची वही कुलपात असावी आणि वर्गशिक्षकाला फक्त तेवढेच कळवावे जेवढे वर्गात वागण्यासाठी त्याला आवश्यक आहे, उदाहरणार्थ ‘हिला दोन आठवडे अचानक उभे करू नका’. कारण सांगण्याची गरज नाही.

मुख्याध्यापिका, माण तालुका

संमतीपत्राची कल्पना आम्हाला सुचलीच नसती. आता एकच शंका. त्या मुलीने टप्प्याटप्प्याने वाचायचे ठरले, तर या सत्रातील तोंडी परीक्षेच्या गुणांचे काय करावे? इतर मुलांना तो पक्षपात वाटेल का?

उत्तर ५ – शालेय समुपदेशक, पुणे

भाषा विषयांचे तोंडी कामाचे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते शाळेतच दिले जातात; उतारा चाळीस मुलांसमोरच वाचला पाहिजे अशी त्यात अट नाही. तिची तोंडी परीक्षा दोन शिक्षकांसमोर, रिकाम्या वर्गात घ्यावी आणि उच्चार, आरोह-अवरोह, आकलन या निकषांवर इतरांइतक्याच काटेकोरपणे गुण द्यावेत. गुण वाढवून देऊ नयेत. तिला ते लगेच कळते आणि आपल्यावर दया केली जात आहे असे वाटते.

पक्षपाताचा प्रश्न टाळण्याचा चांगला मार्ग म्हणजे ही सोय वर्गातील सगळ्यांसाठी खुली ठेवणे. ज्याला वर्गासमोर वाचायचे असेल त्याने तसे वाचावे, ज्याला दोन शिक्षकांसमोर वाचायचे असेल त्याने तसे. सगळा वर्ग रिकाम्या खोलीकडे धावेल असे शिक्षकांना वाटते. माझ्या अनुभवात बहुतेक मुले मित्रांसमोर वाचणेच पसंत करतात, आणि जी दुसरा पर्याय निवडतात त्यांच्यात अशी दोन-तीन मुले निघतात ज्यांच्याविषयी कोणाला शंकाही आलेली नसते. त्यांची नावे टिपून ठेवावीत आणि ताईंकडे द्यावीत.

दुसऱ्या सत्रात ती कोणत्या टप्प्यावर असेल ते आत्ताच ठरवू नका. दर पंधरवड्याला तिच्याशी बोलून पुढची पायरी ठरवा. मधल्या सुट्टीतील पहिल्या वाचनासाठी तिला धड्याऐवजी आवडीची कविता निवडू दिली तरी चालेल.